हसतमुखाने माघार

फ्रिस्को, टेक्सास
९ सप्टेंबर

मैत्री,

जय भीम. मोठा भाऊ म्हणून आशीर्वाद लिहायला हवेत, पण तू ते घेणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

नऊ वर्षांत तुझी एक ओळ नाही. आईशी फोनवर बोलतेस, तेही मी ऑफिसला गेलो की. आणि काल दारात ॲन आर्बरच्या शिक्क्याचं हे जाडजूड पाकीट. आत एकशे चाळीस पानं, एकसष्टाव्या पानावर एक पिवळी स्टिकी, आणि स्टिकीवर काहीही नाही. मी पाकीट तीनदा उलटं करून झटकलं. तुझ्या हातचं एक अक्षर सापडलं नाही.

उत्तर मुद्दाम कागदावर लिहितोय. ईमेल एकदा गेला की कुणाकुणाकडे फॉरवर्ड होईल याचा नेम नाही. ज्या आफ्रिकी देशासाठी तुमची टीम हे लिहिते आहे त्याचंही नाव इथे लिहीत नाही. तुला ते माहीत आहे, बाकी कुणाला कळायची गरज नाही.

मी सगळं वाचलं. लोकशाही बळकट करण्यासाठी राजकीय नेत्यांना आणि संस्थांना बारा शिफारशी. राष्ट्राध्यक्षांनी घटना बदलून तिसरी टर्म घेऊ नये. प्रत्येक केंद्राचा निकाल तिथल्या तिथे दारावर चिकटवावा. विरोधकांना सरकारी रेडिओवर तेवढाच वेळ द्यावा. निवडणूक आयुक्ताला काढायचं तर संसदेत दोन तृतीयांश मतं लागावीत. सगळं बरोबर आहे गं. फक्त हे वाचून 'अरेच्चा, हे मला सुचलंच नव्हतं' असं म्हणणारा राष्ट्राध्यक्ष मला बघायचा आहे. मिशिगनच्या थंडीत बसून तुम्ही हे लिहिता, कुणाच्या सांगण्यावरून लिहिता, ते पहिल्या पानावर कुठेच नाही. म्हणून पहिल्यापासूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग शिफारस सातवी, पान एकसष्ट. जी गावं मतदान न घेता एकमताने प्रतिनिधी निवडतील त्यांचा सरकारने सन्मान करावा, त्यांना विकासनिधी जास्त द्यावा. उदाहरण म्हणून महाराष्ट्रातलं एक गाव. सोसायटीच्या गोदामात बैठक होते, वडीलधारे ठरवतात, पंचवीस वर्षं भांडण नाही. 'बिनविरोध' या आपल्या शब्दाचं इंग्रजी तुमच्या लोकांनी असं केलंय, की 'जिथे कुणाचीच हरकत नसते.'

गावाचं नाव बदललंय. पण सोसायटीच्या गोदामात बैठक आपल्याच गावात होते, आणि ती जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झाली ते सालही बरोबर दिलंय. हे तुमच्या टीमला सांगितलं कुणी? गावातलं कुणी ॲन आर्बरला आलेलं मला माहीत नाही. तूच सांगितलं असणार. आणि आता ते माझ्या तोंडावर फेकायला पाठवलंस.

आईने त्या जागेसाठी अर्ज भरला होता आणि तो छाननीत बाद झाला, हे तुला माहीत आहेच. त्यात आता उकरण्यासारखं काही नाही. आईला पाकीट दाखवलेलं नाही. 'कुणाचं काय आलं रे?' म्हणाली, तर बँकेचं आहे म्हणालो.

काय हवंय तुला?

बुद्धभूषण


१८ सप्टेंबर

मैत्री,

पत्राला पत्राने उत्तर देण्याची पद्धत तुमच्या युनिव्हर्सिटीत नाही वाटतं. माझा नंबर त्या बाईंना दिलास. काल मी आन्याला टेनिसला सोडून गाडीत बसलो होतो, तेवढ्यात फोन.

"मी ग्रेस. मैत्रीची सहकारी. ज्या देशाचा हा रिपोर्ट आहे, मी तिथलीच." आवाज शांत, इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं. मला अशा शांत आवाजाची भीती वाटते. विमा विकणारेही असेच बोलतात.

त्यांनी सांगितलं ते असं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे स्थानिक निवडणुका आहेत. तिथल्या निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांनी तुमच्या मसुद्याचा सारांश पाहिलाय आणि बाकीच्या अकरा शिफारशींवर ते एक शब्द बोललेले नाहीत. सातवी मात्र त्यांना फार आवडली. पक्षाच्या नेत्यांनाही आवडली. नुसता मसुदा पाहूनच गावोगावी बैठका सुरू झाल्यात, की अमेरिकेतले विद्वान म्हणतात मतदान नको, एकमत करा. ग्रेसच्या मावशीने एका तालुक्याच्या गावात अर्ज भरलाय. सुईण आहे ती, तीस वर्षं तेच काम. तिला रोज कुणी ना कुणी येऊन सांगतं, की गावासाठी मागे घे. माघारीची शेवटची तारीख वीस ऑक्टोबर.

"मला एकच विचारायचंय," ग्रेस म्हणाल्या. "एकसष्टाव्या पानावर आहेत त्या तुमच्या गावातल्या दोन बायकांनी माघार का घेतली?"

मी म्हणालो, "आय वुडन्ट नो. मी तेव्हा नोकरीच्या गडबडीत होतो."

"पण तुम्ही तिथे होतात."

"गाव मोठं आहे."

गाव मोठं नाही, हे तुला माहीत आहे. मी विचारलं, माझं नाव तुम्हाला कुणी दिलं, मैत्रीने ना? त्या म्हणाल्या, "तुमचं नाव तळटीपांमध्ये आहे."

घरी येऊन पाकीट पुन्हा काढलं. पानं एकशे चाळीसला संपतात. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की टिपा एकशे एक्केचाळीसपासून. त्या टिपा तू पाठवल्याच नाहीस. विसरलीस असं मी समजू का? तू शाळेत असताना वहीची पानं मोजून ठेवायचीस. तुझ्या हातून विसरणं होत नाही.

त्या बाईंनी फोन रेकॉर्ड केला असेल तर तसं कळव. टेक्सासच्या कायद्यात ते चालतं की नाही ते मी बघतोय.

बुद्धभूषण


२७ सप्टेंबर

मैत्री,

टिपा मिळाल्या. तू पाठवल्या नाहीस, आन्याने काढल्या. तिला मी एवढंच म्हणालो, की आत्याच्या रिपोर्टमध्ये आपल्या गावाबद्दल कुणीतरी थापा मारल्यात, बघ जरा कुठून आल्या. सतरा वर्षांची पोरगी, तिला वीस मिनिटं लागली. ग्रेसला सरळ मेसेज केला, टिपांचं पान मागवलं, त्यातली लिंक उघडली आणि लॅपटॉप माझ्यापुढे फिरवला.

"डॅड, इट्स लिटरली यू."

भूषण भानुदास, 'आमचं बिनविरोध गाव', अधिवेशनाची स्मरणिका, पान चौऱ्याऐंशी. तुमच्या टीममधल्या कुठल्या विद्यार्थ्याने स्कॅन केलेली स्मरणिका मशीनकडून इंग्रजी करून घेतली, आणि मी झालो महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकशाहीवरचा आधार.

तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. हे मला मान्य करावं लागतंय.

तो लेख चौदा वर्षांपूर्वीचा. मी विसरलो होतो म्हटलं तर तुला खरं वाटणार नाही, आणि ते खरंही नाही. त्या साली मराठी मंडळाचं अधिवेशन डॅलसला होतं. स्मरणिकेचे संपादक श्रीरामकाका. एरवी मंडळात मला पार्किंगचं काम असायचं. ते एकदम म्हणाले, "बुद्धभूषण, तुम्हीही लिहा की काहीतरी. गावाकडची छान आठवण. वाचून बरं वाटेल असं." मग पुढे म्हणाले, "नाव जरा छोटं करू या का? एका ओळीत बसत नाही." त्याच पानावर त्यांचं स्वतःचं नाव पदव्यांसकट दोन ओळींत छापलंय. मी 'चालेल' म्हणालो. आईबाबांनी दीक्षाभूमीवर जाऊन ठेवलेलं नाव मी एका मिनिटात अर्धं केलं.

लेखात वस्ती कुठेच नाही. आपलं घर ओढ्यापलीकडे होतं हे नाही. छापील पानावर फार देखणा दिसतो तो लेख. बायका अधिवेशनात येऊन म्हणाल्या, "किती सुंदर लिहिलंत हो, डोळ्यांत पाणी आलं." तुझी वहिनी, उपासना, माझ्या शेजारी उभी होती. तिला गाव माहीत आहे.

त्यात एक वाक्य आहे. 'दोन भगिनींनी गावाच्या एकोप्यासाठी हसतमुखाने माघार घेतली.'

आज एकसष्टावं पान परत उघडलं तेव्हा पाहिलं. तू स्टिकी पानावर लावलीच नव्हतीस. त्या एका वाक्याच्या इंग्रजीवर लावली होतीस.

माघार. घरात मी आजवर सांगत आलो 'छाननीत बाद', आणि छापून आणलं 'माघार'. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. आन्याच्या आठव्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस, "दादा, अर्ज बाद झाला तर बाद केल्याचा कागद मिळतो. तो कुठाय?" आणि मी तुला घराबाहेर जा म्हणालो होतो. तेव्हा तुझ्याकडे नुसता संशय होता. आता मीच लिहून दिलंय.

आज एवढंच.

भूषण


५ ऑक्टोबर

मैत्री,

आठ दिवस तुझं उत्तर नाही. वाट बघते आहेस. ठीक आहे, लिहितो.

सत्त्याण्णव साली तू चौदा वर्षांची होतीस. मला हैदराबादच्या कंपनीकडून अमेरिकेचं बोलावणं आलं होतं आणि पासपोर्ट अडकला होता. पोलीस ठाण्याला पोलीस पाटलाचा दाखला हवा होता, की हा मुलगा इथलाच, वर्तणूक चांगली. पोलीस पाटील आबासाहेबांचा सख्खा भाऊ, आणि गाव चालायचं ते आबासाहेबांच्या शब्दावर. पाच वेळा गेलो. एकदा शिक्का नाही, एकदा शाई नाही, एकदा पाटीलच नाही.

त्याच पंधरवड्यात आईने अर्ज भरला. तू तिच्याशेजारी बसून बघत होतीस. आधी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला नाव लिहून सराव केला आणि मग निळ्या पेनाने अख्खा अर्ज स्वतः भरला. सूचक म्हणून माझी सही घेतली. विहारात बायकांनी तिला ओवाळलं. निवडून आली असती. आपल्या वस्तीची मतं एकगठ्ठा होती आणि वार्डात ती पुरेशी होती.

सहाव्या खेपेला आबासाहेब स्वतः ओट्यावर बसले होते. चहा दिला. कपात दिला, हे मला तेव्हा फार मोठं वाटलं. म्हणाले, "बुद्धभूषण, तू तर साहेब होणार. गावात कशाला वाईटपणा ठेवून जातोस? आईला समजाव. बिनविरोध झालं की गावाचं नाव पेपरात येतं." दाखल्याबद्दल एक शब्द नाही. मी निघालो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "दाखला उद्या घेऊन जा. येताना तेवढा कागद आण."

मी आईला समजावलं नाही. समजावलं असतं तर ती नाही म्हणाली असती. माघारीचा नमुना आणला, पासपोर्टच्या कागदांमध्ये घातला आणि म्हणालो, "आई, इथे सही कर, माझ्या पासपोर्टसाठी लागते." तिने विचारलंही नाही. सही करून पेन टोपण लावून मला परत दिलं. तालुक्याला तो कागद सूचक म्हणून मी स्वतः दिला. दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला.

दुसऱ्या बाईंना कसं गप्प केलं ते मला माहीत नाही. उरली ती तिसरी, तीच निवडून आली; ती आबासाहेबांच्या शेतावर कामाला जायची. पाच वर्षं तिने ग्रामपंचायतीत कधी तोंड उघडलं नाही. बिनविरोध झालं, पेपरात आलं.

आईला सांगितलं, अर्ज छाननीत बाद झाला. का, म्हणाली. म्हणालो, तू भरताना चूक केलीस.

मैत्री, हे वाक्य मी केवळ वेळ मारून न्यायला बोललो होतो. त्याने काय केलं ते मला इतकी वर्षं रोज दिसतंय. आई इथे सात वर्षं आहे. दवाखान्यातला एक पानी फॉर्मसुद्धा भरत नाही. "मला नाही जमत, मी चुकते," म्हणते. नागरिकत्वाचा अर्ज करू या म्हटलं, तर दोन वर्षं टाळते आहे. लायब्ररीचं कार्ड उपासनाने काढून दिलं. ती वाचते रोज दोन तास, चष्मा लावून, आणि स्वतःचं नाव लिहायची वेळ आली की पेन आन्याच्या हातात देते.

आता तुझ्या टीमला हवं असेल ते घ्या. मी लिहून देतो, की ती माहिती खोटी आहे आणि खोटी मी लिहिली. इंग्रजी प्रत आणि सही सोबत आहे. पूर्ण नावाने सही केली आहे. वीस तारखेच्या आत त्या आयोगाच्या अध्यक्षांकडे पोचेल असं बघ.

आईला सांगायचं धाडस माझ्यात नाही. तू फोनवर सांगितलंस तर बरं होईल. मी हे भित्रेपणाने मागतोय, मला कळतं.

दादा


१३ ऑक्टोबर

मैत्री,

तुझं पत्र आलं. नऊ वर्षांनंतर दीड ओळ. 'सातवी शिफारस काढली. सारांश मागे घेतल्याचं आयोगाला कळवलं. आईला तू सांगायचंस.' खाली सही नाही. तुझ्या मनात काय आहे ते ओळखायचा प्रयत्न मी सोडून दिला.

शुक्रवारी सकाळी सांगितलं. उपासना कामावर गेली होती. आई मेथी निवडत होती. मी खुर्चीवर बसून बोलू लागलो, मग खाली तिच्यासमोर बसलो. पासपोर्ट, पाटील, कागद, सगळं. तिचे हात चालूच होते. जुडी संपली. काड्या एका बाजूला केल्या.

मग म्हणाली, "म्हणजे मी अर्ज बरोबर भरला होता?"

"हो आई."

"नाव बरोबर होतं? वय? वार्ड नंबर?"

"सगळं बरोबर होतं. त्यांनी मंजूर केला होता."

"एकपण चूक नव्हती?"

"नव्हती."

ती हुंदका देऊन रडली. मी तिच्या जवळ सरकलो, तर तिने हाताने मला लांब केलं. मी तिला बाबा गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मला क्षमा कर म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जे हवं ते उपासनाला सांगते. शनिवारी उपासनाला म्हणाली, मला मैत्रीकडे जायचंय. तिकीट पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारचं आहे, डेट्रॉइटला दुपारी दोन चाळीसला उतरेल. परतीचं काढू का असं उपासनाने विचारलं, तर नको म्हणाली. तिचा गरम कोट बॅगेत वर ठेवला आहे. बीपीच्या गोळ्या पर्समध्ये.

काल ग्रेसचा फोन आला, आन्याच्या फोनवर. मला नव्हे. त्यांना सांगायचं होतं की शिफारस निघाली तरी गावातल्या बैठका थांबलेल्या नाहीत. लोक म्हणतात, आता आम्हीच ठरवलंय, अमेरिकेचा काय संबंध. मावशीच्या घरी तिचा भाचा तीन दिवस बसून आहे, नुसती सही दे, मी नेऊन देतो म्हणतोय. त्याला कुठेतरी नोकरी लागायची आहे. मावशी डळमळली आहे.

आई सोफ्यावर होती. "काय म्हणते गं ती?" आन्याने तिला तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. आईने हात पुढे केला आणि फोन मागून घेतला. स्पीकरवर ठेवायला सांगितला. मी दारात उभा होतो. तिने मला पाहिलं आणि मग फोनकडे वळून बोलू लागली.

"तिला सांग, मी रत्नाबाई. माझा अर्ज बरोबर होता. तुझाही बरोबर असेल. निवडून ये नाहीतर पड, पण मागे घेऊ नको. आणि सही मागायला कुणी घरी आलं, तर देऊ नको. भाचा असो, नाहीतर पोटचा पोरगा असो."

आन्या सगळं इंग्रजीत सांगत गेली. शेवटच्या वाक्याला थांबली. माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, "सांग की."

"नॉट इव्हन युवर ओन सन," आन्या म्हणाली.

बुद्धभूषण